पाहणी, मोजणी आणि चलयंत्र : दापोडीच्या भूमीवरून एक ऐतिहासिक विचार

१

पुण्याहून मुंबईच्या रस्त्याने जाताना मुळा नदी ओलांडली की दापोडी लागते. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत हिचे नाव ‘दापुरी’ असे येते. पेशव्यांच्या कवायती पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याची छावणी येथे होती, आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत त्याची फौज येथूनच इंग्रजांच्या मदतीस गेली. पुढे फोर्डचा बंगला गव्हर्नराच्या निवासासाठी घेतला गेला व त्याच्या आवारात वनस्पतिउद्यान उभे राहिले. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला, तोही येथूनच गेला. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड हॅरिस याचे नाव मिरविणारा पूल येथेच आहे. रुरकी येथील सैनिकी अभियांत्रिकीचे विद्यालय १९४८ मध्ये येथे आले. राज्य परिवहनाची मध्यवर्ती कार्यशाळा येथे आहे, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून मेट्रोचे स्थानकही आहे.

छावणी, उद्यान, लोहमार्ग, पूल, विद्यालय, कार्यशाळा, मेट्रो या सर्वांत एक गोष्ट समान आहे. यांपैकी प्रत्येकासाठी ही जमीन कोणीतरी पायी तुडविली, मोजली, आखली आणि बांधकाम चालू असता पुनःपुन्हा पाहिली. बांधणाऱ्यांचा इतिहास थोडाबहुत लिहिला गेला आहे. मोजणाऱ्यांचा फारसा नाही. आज जगात अनेक ठिकाणी बांधकामाची जागा पाहण्याचे व तिचा नकाशा करण्याचे काम स्वतः चालणाऱ्या यंत्रांकडे जाऊ लागले आहे. अशा वेळी हे काम पूर्वी कोण करीत होते, कशाने करीत होते आणि त्या कामाची जबाबदारी कोणावर होती, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा राहत नाही.

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, अभियंता नव्हे. तेव्हा येथे यंत्रांची गुणदोषचर्चा करण्याचा हेतू नाही. मोजणीची साधने बदलत गेली तसतसे तिचे शब्द कसे बदलले आणि त्या बदलांतून काय दिसते, एवढेच पाहावयाचे आहे. विवेचनाच्या सोयीसाठी, आपली जागा आपण बदलणाऱ्या मापकयंत्रास या लेखात ‘चलयंत्र’ म्हटले आहे. प्रचलित ‘यंत्रमानव’ हा शब्द का टाळला, याचा खुलासा पुढे येईल.

२

मराठ्यांच्या महसुली व्यवहारात दोन शब्द वेगळे ठेवलेले आढळतात : मोजणी आणि पाहणी. मोजणी म्हणजे जमिनीचे क्षेत्र ठरविणे. पाहणी म्हणजे शिवारात जाऊन पीक कसे आहे, जमीन पडीत आहे की वाहितीत आहे, हे डोळ्यांनी ठरविणे. मोजणी क्वचित होई. पाहणी वर्षास व्हावी अशी अपेक्षा असे. मोजणीत माप निर्णायक होते, तर पाहणीत पाहणाऱ्याची पारख निर्णायक होती. हा भेद पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

मोजणीचे साधन काठी. शिवकालीन काठीची लांबी पाच हात व पाच मुठी अशी सांगितली जाते. अशा वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, या कोष्टकाच्या मुळाशी माणसाचे शरीर आहे. हात व मूठ ही मापे मोजणाऱ्याने अंगावर वागविलेली असतात. त्यामुळे ‘कोणाचा हात’ हा प्रश्न तंट्याचा होऊ शके, आणि म्हणून काठी राजाने ठरवून द्यावी लागे. माप शरीरापासून तोडून वस्तूत घालण्याचा हा पहिला टप्पा होय.

दुसरा टप्पा इंग्रजी अमलात आला. १८२० नंतरच्या दशकात रॉबर्ट कीथ प्रिंगल याने पुणे भागात मोठी मोजणी केली. प्रत्येक शेताच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता काय उरते हे काढून त्यावर सारा बसवावा, हा तिचा हेतू तत्त्वतः निर्दोष होता. पण प्रत्यक्षात ती कोसळली. मापांत चुका निघाल्या, हाताखालच्या नोकरांच्या लाचलुचपतीची प्रकरणे निघाली आणि सारा रयतेस झेपेना. १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी पद्धत बसविली आणि तीच पुढे मुंबई इलाख्याची पद्धत झाली. प्रिंगलच्या अपयशाचा बोध अभ्यासकांनी सहसा करपद्धतीच्या अंगाने घेतला आहे. मोजणीच्या अंगाने त्याचा बोध असा की, आकड्यांची बारीकसारीक उतरंड कितीही रचली तरी पहिला आकडा ज्याने शिवारात उभे राहून लिहिला त्याच्या सचोटीपलीकडे ती जाऊ शकत नाही.

या नव्या पद्धतीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे सोळा भाग असून प्रत्येक भागास ‘आणा’ म्हणत. सोळा आण्यांचा रुपया ज्याच्या जिभेवर होता त्या मोजणीदारास ही विभागणी शिकवावी लागली नसेल. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. काटकोन साधण्यासाठी शंकू व अंतरासाठी साखळी, म्हणून या रीतीस ‘शंकू-साखळी’ असे जोडनाव पडले आणि भूमापनाच्या परिभाषेत ते टिकून राहिले.

साखळी गेली, गुंठा राहिला. पिंपरी-चिंचवड परिसरात कारखाने आले, त्यांच्यामागोमाग कामगार आले, आणि शेतजमिनीचे एकेक-दोनदोन गुंठ्यांचे तुकडे विकले जाऊ लागले. त्यातून ‘गुंठेवारी’ हा शब्द रूढ झाला व २००१ साली या नावाचा कायदाच राज्याने केला. एका लोखंडी साखळीची लांबी शहराच्या एका मोठ्या वस्तीचे कायदेशीर नाव होऊन बसते, हे मोजणीच्या साधनाचे सामर्थ्य ध्यानात घेण्याजोगे आहे. साधन नाहीसे होते, पण त्याने पाडलेले तुकडे व त्या तुकड्यांची नावे मागे राहतात. आज येणाऱ्या नव्या साधनांसंबंधी बोलताना हे विसरता कामा नये.

३

शेतजमीन मोजणे व बांधकाम पाहणे यांत मोठा फरक आहे. शेत आज मोजले तर दहा वर्षांनीही बहुधा तसेच असते. बांधकामाची जागा रोज बदलते. काल जेथे जमीन होती तेथे आज खड्डा असतो, आणि उद्या त्यात खांब उभा राहतो. म्हणून बांधकामाच्या जागेवर मोजणी व पाहणी ही दोन कामे एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत.

गवंड्याची साधने या दृष्टीने पाहावीत. ओळंबा भिंत उभ्या रेषेत आहे की नाही ते सांगतो. पाणसळ आडवी पातळी सांगते. गुण्या काटकोन सांगतो. सूत सरळ रेषा सांगते. चुन्याची फक्की जमिनीवर आखणी करते. यांपैकी कोणतेही साधन आकडा देत नाही. ते फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते, आणि ते सांगणे व त्यावर कृती करणे एकाच माणसाच्या हाती असते. ओळंब्यास भिंत बाहेर गेलेली दिसली तर गवंडी ती त्याच क्षणी उतरवितो. पाहणे आणि दुरुस्त करणे यांत अंतर नसते.

हे अंतर मोठ्या बांधकामात पडते. खंडाळ्याच्या घाटातील लोहमार्ग हे त्याचे आपल्या भूमीवरील पहिले ठळक उदाहरण होय. १८५६ ते १८६३ या काळात चाललेल्या या कामात सुमारे सोळा मैलांच्या लांबीत १,८३१ फुटांची चढण साधावयाची होती. त्यासाठी पंचवीस बोगदे व आठ मोठे कमानपूल बांधले गेले. सरळ तुटलेल्या कड्यांवर सुरुंगाची भोके पाडण्यासाठी माणसे दोरखंडाने खाली सोडावी लागत. रोगराईने व अपघातांनी येथे हजारो मजूर दगावले. येथे मोजणारा एक, बांधणारा दुसरा, मक्तेदार तिसरा आणि तपासणारा चौथा होता. १८६७ च्या जुलैमध्ये या घाटातील एक दगडी कमानपूल कोसळला आणि चौकशीत दगडकामच निकृष्ट असल्याचे निघाले. पुलाची लांबीरुंदी नकाशाबरहुकूम होती. दोष दगडांच्या आत, म्हणजे मोजपट्टी पोहोचत नाही तेथे होता. मोजणी बरोबर असून पाहणी चुकल्याचे हे उदाहरण आहे.

त्याच सुमारास हिंदुस्थानच्या उत्तर सीमेवर याच्या नेमके उलट उदाहरण घडत होते. तेथे साहेबास जाण्याची मनाई होती, म्हणून भूमापन खात्याने कुमाऊँच्या नैनसिंग यांना तिबेटात पाठविले. त्यांची पावले एका ठराविक लांबीची पडावीत असा सराव त्यांच्याकडून करवून घेतला होता. हातातील माळेत एकशेआठांऐवजी शंभर मणी होते. शंभर पावलांस एक मणी ओढावयाचा. एक माळ पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे अदमासे पाच मैल. १८६५-६६ च्या प्रवासात त्यांनी अशा रीतीने ल्हासापर्यंतचा मार्ग मोजला. नैनसिंग विद्वान व कुशल होतेच. परंतु ज्या कामासाठी त्यांना घडविले होते ते काम माणसाने चाक व्हावे असे होते. पावलांची मोजदाद, दिशेची नोंद व त्यावरून आपले स्थान काढणे हे तंत्र आजचे चलयंत्र जसेच्या तसे वापरते. फरक एवढाच की, नैनसिंग यांना यंत्र बनावे लागले, आणि आज यंत्रास नैनसिंग बनावे लागत आहे.

४

आता शब्दाचा खुलासा. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या नाटकातून जगभर गेला. त्याच्या मुळाशी ‘रोबोता’ हा चेक शब्द असून त्याचा अर्थ कुळाने जमीनदाराकडे करावयाचे सक्तीचे, बिनमोबदल्याचे काम असा आहे. मराठीत यास अचूक प्रतिशब्द आहे : वेठ. मराठीने मात्र तो न घेता ‘यंत्रमानव’ हा शब्द घडविला. मूळ शब्द कामाचे स्वरूप सांगत होता. आपला शब्द आकृती सांगतो. ‘यंत्रमानव’ म्हटले की दोन हात, दोन पाय व डोके असलेली पत्र्याची आकृती डोळ्यांपुढे उभी राहते. बांधकामावर हिंडणारी यंत्रे बहुधा चाकांची, पट्ट्यांची किंवा चार पायांची असतात. त्याहूनही महत्त्वाचे असे की, ‘मानव’ हे पद जोडल्याने माणसाची जबाबदारीही यंत्रात आली असावी असा भास होतो. हा भास या लेखाच्या शेवटी पुन्हा आपल्या आड येईल. म्हणून तो शब्द येथे टाळला आहे.

चलयंत्राचा इतिहास थोडक्यात असा. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६६ ते १९७२ या काळात ‘शेकी’ नावाचे एक यंत्र सिद्ध झाले. आपल्या भोवतालची खोली पाहून कोठे जावयाचे हे ते स्वतः ठरवी. पण ती खोली त्याच्याचसाठी नीटनेटकी करून ठेवलेली होती. खऱ्या, विस्कटलेल्या जागेत यंत्र पाठविण्याची निकड संकटातून उत्पन्न झाली. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुभट्टीस अपघात झाला आणि तिच्या तळघरात माणसाने पाऊल टाकणे अशक्य झाले. १९८४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील विल्यम व्हिटेकर व त्यांचे सहकारी यांनी बनविलेले दूरचालित यंत्र त्या तळघरात उतरविण्यात आले. ते स्वतः निर्णय घेत नव्हते. तारेच्या दुसऱ्या टोकास माणसे होती. परंतु माणसाऐवजी यंत्राने धोक्याच्या जागेत जाऊन पाहावे, ही कल्पना तेथे सिद्ध झाली.

यानंतरचे उदाहरण नकाशाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. २४ जुलै २००२ रोजी पेनसिल्व्हेनियातील क्वीक्रीक या कोळशाच्या खाणीत नऊ कामगार अडकले. शेजारच्या सोडून दिलेल्या जुन्या खाणीत पाणी साठले होते. ती खाण प्रत्यक्षात जितकी पसरली होती तितकी हाती असलेल्या नकाशात दाखविलेली नव्हती. नकाशावर विश्वासून खोदणाऱ्यांनी मधली भिंत फोडली आणि पाणी आत आले. चार दिवसांनी सर्व जण वाचले. या घटनेनंतर त्याच विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘ग्राउंडहॉग’ नावाचे चलयंत्र तयार केले आणि २००३ च्या मे महिन्यात ते एका निर्मनुष्य खाणीत माणसाच्या सूचनेवाचून सोडले. सुमारे तीनशे मीटर गेल्यावर छताची मोडलेली तुळई आडवी आली तेव्हा ते थांबले. पण तेवढ्या अंतराचा नकाशा त्याने आणला. शिळा नकाशा हा नकाशा नसण्यापेक्षा अधिक घातक असतो, हा क्वीक्रीकचा धडा बांधकामास जसाच्या तसा लागू आहे.

या यंत्रांपुढील मूळ अडचण अशी होती. आपण कोठे आहोत हे कळल्यावाचून नकाशा काढता येत नाही, आणि नकाशा असल्यावाचून आपण कोठे आहोत हे कळत नाही. उघड्या मैदानावर उपग्रहाचे संदेश स्थान सांगतात. तळघरात, बोगद्यात, छताखाली ते पोहोचत नाहीत. चाकांचे फेरे मोजून स्थान काढावे, तर लहान चूक साठत जाते. दिशेत एक अंशाची चूक झाली तरी शंभर मीटर गेल्यावर यंत्र पावणेदोन मीटर बाजूस सरकलेले असते. १९८६ च्या सुमारास स्मिथ व चीझमन यांनी या अनिश्चितीचे गणित मांडले : यंत्राचे स्थान व भोवतालच्या खुणांची स्थाने ही दोन्ही एकाच वेळी, परस्परांच्या आधाराने, संभवाच्या भाषेत सुधारीत न्यावयाची. यंत्र फिरून पूर्वी पाहिलेल्या जागी परत आले की, तोपर्यंत साठलेली सर्व चूक उघडी पडते व मागील संपूर्ण मार्गावर वाटून दुरुस्त केली जाते.

ही शेवटची युक्ती नवीन नाही. शिवारास वळसा घालून मोजणीदार निघाल्या दगडाशी परत येई, तेव्हा सुरुवात व शेवट यांत पडलेला फरक तो मार्गातील सर्व टप्प्यांवर वाटून टाकी. साधने पालटली तरी सत्याची कसोटी तीच राहिली आहे : निघालास तेथे परत ये, आणि किती चुकलास ते पाहा.

अंतर मोजण्याचे काम प्रकाश करतो. यंत्र प्रकाशाचा स्पंद सोडते व तो आदळून परत येण्यास लागलेला काळ मोजते. तीस मीटरवरील भिंतीपासून प्रकाश परत येण्यास एका सेकंदाचा पन्नास लाखावा भाग लागतो. सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक म्हणजे पंधरा सेंटिमीटरची चूक. अशी लाखो मापे मिळून बिंदूंचा एक दाट मेघ तयार होतो. तो मूळ आराखड्यावर ठेवला की कोणता खांब किती सरकला, कोणती भिंत अद्याप उठली नाही, हे दिसते. २०२० साली लंडनमधील बॅटरसी येथील बांधकामावर फॉस्टर अँड पार्टनर्स या वास्तुरचनाकारांच्या संस्थेने ‘स्पॉट’ नावाचे चार पायांचे यंत्र अशा कामासाठी फिरविले. तीच फेरी पुनःपुन्हा, त्याच मार्गाने, न कंटाळता करणे हा अशा यंत्राचा खरा गुण होय. काच, साचलेले पाणी, उडती धूळ आणि एकासारखे एक मजले ही त्याची दुखणी आहेत. काचेतून प्रकाश पलीकडे जातो, पाण्यावरून भलतीकडे परावर्तित होतो. आणि तिसरा मजला चौथ्यासारखाच असला तर यंत्राची ओळख पटण्यात गल्लत होते.

५

आपल्या परिसरात याची स्थिती काय आहे? दापोडीहून फार दूर नसलेल्या दिघी येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची अभियंत्यांसाठीची संस्था आहे. तेथे ‘दक्ष’ हे दूरचालित वाहन विकसित झाले आणि २०११ च्या डिसेंबरमध्ये त्याची पहिली तुकडी सैन्यास देण्यात आली. बाँब शोधणे व निकामी करणे हे त्याचे काम. पण जिना चढणारे, अडगळीत शिरणारे आणि माणसास दूर ठेवून त्याचे डोळे पुढे नेणारे हे वाहन म्हणजे पाहणीचेच यंत्र होय.

१२ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तराखंडातील सिल्क्यारा येथे बांधकाम चालू असलेला बोगदा मध्येच ढासळला व एक्केचाळीस कामगार आत अडकले. तेथे या संघटनेची दूरचालित वाहने नेण्यात आली. ढिगारा भुसभुशीत होता. त्यावरून ती चालतील की नाही याचीच शंका उपस्थित झाली. बोगद्याच्या आतील स्थिती पाहण्यासाठी ड्रोनही वापरले गेले. भोके पाडणारे मोठे यंत्र लोखंडात अडकून मोडले. अखेरचे दहाबारा मीटर अरुंद बिळे खोदणाऱ्या मजुरांनी हातांनी खणले आणि २८ नोव्हेंबरला सर्व कामगार बाहेर आले. या प्रसंगाने यंत्रे निरुपयोगी ठरली असे म्हणणे उथळपणाचे होईल. त्याने एवढेच दाखविले की, संकट घडून गेल्यावर धावत नेलेले यंत्र आणि काम चालू असता रोज फिरणारे यंत्र यांत महदंतर आहे. पहिल्याकडून चमत्काराची अपेक्षा केली जाते. दुसऱ्याकडून फक्त नोंदीची, आणि अधिक उपयोग नोंदीचाच आहे.

दापोडीवरून गेलेल्या मेट्रोच्या बांधकामात महामेट्रोने पंचमितीय संगणकीय आराखड्याची पद्धत वापरली. तीत लांबी, रुंदी व उंची यांच्या जोडीस काळ आणि खर्च हीही परिमाणे धरतात. राष्ट्रीय महामार्गांच्या कामांचे ड्रोनने दरमहा चित्रण करण्याचा नियम २०२१ मध्ये झाला. गावठाणांच्या मोजणीस ड्रोन लावण्याची योजना एप्रिल २०२० मध्ये देशभर जाहीर झाली. परंतु दापोडीसारख्या ठिकाणी आकाशातून पाहण्यास मर्यादा आहेत. एका बाजूस सैनिकी संस्था, दुसऱ्या बाजूस लोहगावचा विमानतळ. येथे उड्डाणावर निर्बंध असणे स्वाभाविक आहे. शिवाय वरून छप्पर दिसते, तळघर दिसत नाही. रस्ता दिसतो, त्याखालची वाहिनी दिसत नाही. म्हणून जमिनीवर चालणाऱ्या यंत्रांचे महत्त्व अशा दाट वस्तीत अधिक आहे.

येथे शब्दाची एक गंमत नोंदविणे अवश्य आहे. महाराष्ट्राच्या भूमि अभिलेख विभागात आज ‘रोव्हर’ हा शब्द सर्रास वापरला जातो. तेथे त्याचा अर्थ उपग्रहाचे संदेश घेणारे, काठीवर बसविलेले मापकयंत्र असा आहे. ती काठी हातात धरून भूकरमापक शिवारात चालतो. जगात अन्यत्र ‘रोव्हर’ म्हणजे भटकणारे वाहन. आपल्याकडे भटकणारा माणूसच आहे आणि ‘रोव्हर’ त्याच्या हातात आहे. शिवकालीन काठी अशा रीतीने चार शतकांनी भूकरमापकाच्या हातात परत आली आहे. शब्द आधी आला आहे. त्याचा दुसरा अर्थ अद्याप वाटेवर आहे.

६

१ डिसेंबर २०१९ रोजी, रविवारी, दापोडीत वाहिनीसाठी खणलेल्या खोल खड्ड्यात एक मजूर मातीखाली सापडला. त्यास काढण्यास उतरलेल्यांवरही माती ढासळली. अग्निशामक दलाचा एक जवान त्यात मृत्यू पावला. मजुराचाही मृतदेहच बाहेर आला. या लेखाचा विषय मनात घोळू लागला तो या घटनेमुळे.

चलयंत्र असते तर हे टळले असते काय? प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर, तेवढ्याने टळले नसते. खड्डा किती खोल आहे हे कोणास ठाऊक नव्हते असे नाही; तो खणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होता. दीड मीटरपेक्षा अधिक खोल चरास बाजूंनी फळ्यांचा व धिऱ्यांचा आधार द्यावा, असे खोदकामाच्या सुरक्षिततेविषयीची भारतीय मानक संहिता सांगते. बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा १९९६ मध्येच झाला होता. मोजण्याजोगे जे होते ते मोजपट्टीनेही मोजता आले असते. उणीव मापाची नसते तेव्हा अधिक सूक्ष्म माप ती भरून काढीत नाही.

तरीही यंत्राचे दोन उपयोग खरे आहेत आणि ते लहान नाहीत. पहिला असा की, ढासळू पाहणाऱ्या जागेत ‘आत काय आहे’ एवढेच जाणण्यासाठी दुसऱ्या जिवंत माणसास उतरावे लागू नये. दापोडीतील दुसरा मृत्यू हा पहिल्यास वाचविण्याच्या प्रयत्नात झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या उपयोगाचे मोल कळते. दुसरा उपयोग नोंदीचा. रोज सायंकाळी यंत्राने आणलेल्या नकाशात दोन मीटरचा निराधार चर दिसत असेल, तर ‘आम्हांस कल्पना नव्हती’ हे वाक्य दुसऱ्या दिवशी कोणास उच्चारता येणार नाही. खंडाळ्याच्या घाटात पूल कोसळल्यावर चौकशी झाली. रोजची नोंद असेल तर चौकशी कोसळण्यापूर्वी होऊ शकते. मात्र त्या नोंदी कोणाच्या हाती राहणार, हा प्रश्न त्याबरोबरच विचारला पाहिजे. त्या केवळ मक्तेदाराच्या कपाटात राहिल्या, किंवा मजूर किती वेळ बसला हे मोजण्यापुरत्याच वापरल्या गेल्या, तर वेठीचा मूळ अर्थ उलट्या दिशेने खरा ठरेल : यंत्र मोकळे राहील आणि माणूस वेठीस लागेल.

शेवटी पुन्हा शब्दाकडे वळू. मराठीतील ‘पाहणे’ हे क्रियापद केवळ दृष्टीचे नाही. ‘कारभार कोण पाहतो?’, ‘हिशेब ती पाहते’, ‘म्हाताऱ्या आईला तोच पाहतो’ या वाक्यांत डोळ्यांचा संबंध जवळजवळ नाही. तेथे पाहणे म्हणजे भार उचलणे. ‘दिसणे’ व ‘पाहणे’ यांतील भेदही हाच आहे : दिसणे आपोआप घडते, पाहण्यास कर्ता लागतो. मराठी महसुली भाषेने मोजणीहून वेगळी अशी ‘पाहणी’ ठेवली, तिच्यात हे दोन्ही अर्थ एकवटले होते. पाहणीस गेलेल्याने नुसते पाहावयाचे नव्हते. जे पाहिले त्यावर आपले नाव घालून निर्णय द्यावयाचा होता.

चलयंत्राने मोजणी माणसापेक्षा सरस होईल, यात शंका बाळगण्याचे कारण नाही. काठीपासून साखळीपर्यंत आणि साखळीपासून प्रकाशाच्या स्पंदापर्यंत मोजणी क्रमाने शरीरापासून दूर गेली, आणि ते इष्टच झाले. कारण त्या वाटेवर कड्यावरून दोरखंडाने लोंबणारी पुष्कळ शरीरे होती. पाहणी मात्र त्याच वाटेने जाऊ शकत नाही. यंत्रास चर दिसेल. तो पाहावयाचा कोणी, हे आपणच ठरवावे लागेल, आणि ज्याने पाहावयाचा त्याचे नाव नकाशाच्या खाली लिहावे लागेल. दापोडीच्या जमिनीची उद्याची मोजणी कोणत्याही साधनाने होवो, तिच्या पाहणीच्या कागदावर ही सही कोरी राहू नये.